डोळे लाल दिसले म्हणजे गांजा?

आपला मुलगा किंवा मुलगी गांजा ओढत असेल तर ते पालकांनी कसे ओळखावे, हे सांगणारी पत्रके आता शाळाशाळांतून पोचली आहेत. पालकसभेत व्यसनमुक्तीवर भाषण होते, शेवटी पत्रक वाटले जाते आणि दुसऱ्या दिवशी एखादी आई वर्गशिक्षकांना गाठते : "सर, यातली चार लक्षणं आमच्या मुलात आहेत. आता काय करू?" उत्तर देण्याची वेळ शिक्षकांवर येते. म्हणून ही पत्रके ज्या पुस्तिकांच्या धाटणीवर बेतलेली असतात, त्यांचे परीक्षण इथे करावे असे आम्हांला वाटले.

हा वाङ्मयप्रकार मूळचा अमेरिकेतला. १९७६ साली अटलांटा शहरातल्या एका घरी मुलीच्या तेराव्या वाढदिवसाला जमलेली मुले मागच्या अंगणात अंधारात गांजा ओढत असल्याचे आईवडिलांच्या लक्षात आले. त्या आईने, मार्शा मनॅट यांनी, आसपासच्या पालकांना एकत्र केले आणि त्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. 'पेरेंट्स, पीअर्स अँड पॉट' ही ती पुस्तिका तिथल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज' या सरकारी संस्थेने १९७९ साली प्रसिद्ध केली. १९९५ साली याच संस्थेने 'मारिजुआना : फॅक्ट्स पेरेंट्स नीड टु नो' ही प्रश्नोत्तरांची पुस्तिका काढली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. आम्ही मुख्यतः या दुसऱ्या पुस्तिकेविषयी बोलणार आहोत, कारण आपल्याकडची पत्रके वाचताना तिचीच आठवण येते.

पुस्तिकेतला शरीरशास्त्राचा भाग चांगला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. गांज्यातला मुख्य मादक घटक म्हणजे टीएचसी. मेंदूतल्या ज्या ग्राहकांना तो चिकटतो ते स्मरणशक्ती, शरीराचा तोल, वेळेचे भान यांच्याशी संबंधित भागांत दाटीने असतात. म्हणून नशेत असलेल्याला नुकतेच बोललेले आठवत नाही, चालताना झोक जातो. टीएचसीमुळे डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून डोळे लाल दिसतात. एवढे साध्या भाषेत सांगणे सोपे नाही, आणि ते तिथे नीट साधले आहे.

अडचण सुरू होते ती खुणांच्या यादीपाशी. लाल डोळे, कारण नसताना हसणे, नंतर येणारी झोप. मग एकलकोंडेपणा, थकवा, नीटनेटकेपणाकडे दुर्लक्ष, घरच्यांशी तुटक वागणे, अभ्यासात घसरण, खेळातला रस जाणे, जेवणाझोपेच्या वेळा बदलणे. खोलीत धूप किंवा सुगंधी फवारा वापरणे, डोळ्यांत थेंब घालणे याही खुणाच. ही यादी आपल्याकडे जशीच्या तशी आणली तर काय होईल? ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागते तिथे शेवटच्या खुणेचा उपयोग शून्य. बाकीच्या बऱ्याच खुणा चौदा-पंधरा वर्षांच्या कुठल्याही मुलामुलीला लागू पडतील. डोळे तर धुळीने, ॲलर्जीने, जागरणाने, चष्म्याचा नंबर बदलल्याने आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्यानेही लाल होतात.

ही लक्षणे इतर कारणांनीही दिसू शकतात, असे पुस्तिका सांगते. प्रामाणिकपणाचे श्रेय तिला द्यायला हवे. पण 'इतर कारणांनीही' म्हणजे किती वेळा, हा खरा प्रश्न, आणि तिथे ती गप्प बसते. तो हिशेब आपण फळ्यावर करू शकतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. एका शाळेत १००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले १०० गांजा ओढतात असे समजू. ओढणाऱ्या दर १० पैकी ८ जणांत खुणा दिसतात. न ओढणाऱ्या दर १०० पैकी ३० जणांतही त्याच खुणा इतर कारणांनी दिसतात. म्हणजे १०० पैकी ८० आणि उरलेल्या ९०० पैकी २७०, अशा ३५० मुलांवर संशय येईल. त्यांत खरे ८०. चार संशयितांमागे एकही पुरता नाही.

आता हाच हिशेब आपल्या देशाच्या आकड्यावर करू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयाच्या मुलांत भांग, गांजा, चरस यांपैकी काही वर्षभरात घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के आढळले. सोयीसाठी १ टक्का धरू. १००० मुलांत १० जण घेणारे. त्यांतले ८ आणि उरलेल्या ९९० पैकी २९७, म्हणजे एकूण ३०५ संशयित. खरे आठ. जवळजवळ ३८ मुलांवर बोट ठेवावे तेव्हा एक बरोबर निघतो. खुणा त्याच, निरीक्षण तेवढेच बारीक, पण मुळात गोष्टच विरळ असली की चाचणी अशी फसते. आठवी-नववीला संभाव्यता शिकवताना याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. शिवाय उरलेल्या २९७ मुलांत कोणी नैराश्याने ग्रासलेले असेल, कुणाच्या घरी भांडणे चालू असतील, कुणाला शाळेत त्रास दिला जात असेल. या मुलाच्या दप्तराची झडती घेतली, तर ज्याला मदत हवी होती तो आरोपी होतो.

झडतीचे शास्त्रीय रूप म्हणजे लघवीची घरगुती चाचणी. ती पट्टी दुकानात मिळते, पण ती काय मोजते हे पालकांना ठाऊक नसते. टीएचसी चरबीत विरघळतो. शरीर त्याचे रूपांतर करून हळूहळू बाहेर टाकते आणि पट्टीला सापडतो तो हा रूपांतरित पदार्थ. एखादेवेळी ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही दिवस राहतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे. म्हणजे मूल आत्ता नशेत आहे की नाही हे पट्टी सांगत नाही. दारू किंवा व्हाइटनर तिला दिसतच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या मनाविरुद्ध अशा चाचण्या करण्याला १९९६ सालीच विरोध नोंदवला होता.

दुसरी खोट भीतीच्या आकड्यांची. किशोरवयात गांजा ओढल्यास बुद्ध्यंक ८ गुणांनी घसरतो, हे वाक्य आता बहुतेक पत्रकांत असते. तो आकडा न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावच्या पाहणीतून २०१२ साली आला. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा ३८व्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणारी ही पाहणी मोलाची आहे. पण आठ गुणांची घसरण आढळली ती किशोरवयात सुरुवात करून पुढे वर्षानुवर्षे व्यसनात राहिलेल्या मोजक्या व्यक्तींत. एकदोनदा ओढलेल्या मुलाला तो आकडा लावता येत नाही. पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासात, गांजा ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यांच्या घसरणीत फरक आढळला नाही. तेव्हा घसरणीतला काही भाग घरच्या परिस्थितीचा असावा. याचा अर्थ गांजा निरुपद्रवी असा मुळीच नाही. वाढत्या वयातला मेंदू अपुरा घडलेला असतो, आणि मालही पूर्वीचा राहिलेला नाही : अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांत टीएचसीचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. पण ज्या मुलाने मित्राला एकदा ओढताना पाहिले आहे आणि तो मित्र वर्गात पहिला येतो आहे, त्याला आठ गुणांची गोष्ट सांगितली की त्याचा पत्रकातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

या पुस्तिकांचा उपयोग झाला का? १९७८ साली अमेरिकेत बारावीच्या दर १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे ११ जण रोज गांजा ओढत. १९९२ साली हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत आले. पालक-चळवळीने याचे श्रेय घेतले. मात्र १९९२ नंतर प्रमाण पुन्हा वाढले तेव्हा पुस्तिका काही छापायच्या थांबल्या नव्हत्या. पडताळून पाहण्याची संधी आली ती नंतर. १९९८ ते २००४ या काळात तिथल्या सरकारने सुमारे एक अब्ज डॉलर ओतून मुले व पालक यांच्यासाठी जाहिरातींची मोहीम चालवली आणि तिचे स्वतंत्र मूल्यमापनही करवले. मुलांनी जाहिराती भरपूर पाहिल्या, पण गांजा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट जास्त जाहिराती पाहिलेल्या मुलांत ओढून पाहण्याचा कल थोडा वाढल्याच्या खुणा मिळाल्या. 'एवढ्या जाहिराती करतात, म्हणजे सगळेच ओढत असणार' असा अर्थ मुलांनी काढला असावा, ही संशोधकांनी मांडलेली एक शक्यता. पालक मुलांशी या विषयावर अधिक बोलू लागले, परंतु मुलांवरची त्यांची देखरेख काही वाढली नाही, आणि पालकांच्या बोलण्यामुळे मुले दूर राहिली असेही दिसले नाही.

पण देखरेख म्हणजे तरी काय? या प्रश्नाचे आम्हांला सर्वांत उपयोगी वाटलेले उत्तर स्वीडनमधले आहे. २००० साली स्टॅटिन आणि केर या दोन संशोधकांनी १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना मूल कुठे जाते, कोणाबरोबर असते हे ठाऊक असते त्यांची मुले गैरवर्तनात कमी सापडतात, हे आधीच माहीत होते आणि त्यावरून 'लक्ष ठेवा' असा सल्ला दिला जात असे. पालकांना हे ठाऊक कसे होते, हे या दोघांनी तपासले. विचारपूस आणि नियम यांचा वाटा लहान निघाला. सर्वांत मोठा वाटा मुलांनी आपणहून सांगण्याचा होता.

या निष्कर्षाच्या उजेडात १९९५ची पुस्तिका पुन्हा वाचली की तिची रचनाच उलटी वाटते. संवादाचा सल्ला तीत आहे. पण पालकाच्या मनात राहते ती खुणांची यादी, कारण ती लगेच वापरता येते. खिसे तपासलेले मूल पुढच्या वेळी काही सांगत नाही, आणि मग माहितीचा जो एकमेव भरवशाचा झरा होता तो आटतो.

त्या आईला काय सांगायचे? आम्ही एवढेच सुचवू : चार लक्षणे खरी मानावीत, कारण मात्र मोकळे ठेवावे. झोप, डोळे, तब्येत, परीक्षेची धास्ती, मित्रांशी बिनसलेले काही, या क्रमाने विचारावे; लक्षणे आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. मुलाने गांजाची कबुली दिलीच, तर पहिली भीती पोलिसांची असते आणि ती कुटुंबाला गप्प करते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण देणारे ६४ अ हे कलम आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे. यांतले काही आमच्या पाहण्यातल्या पत्रकांत नव्हते.

आणि मराठीत नवे पत्रक कोणी लिहिणार असेल तर त्याने गांज्यापासून सुरुवात करू नये. त्याच २०१९च्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, पेट्रोल यांसारख्यांचे प्रमाण मुलांत १.१७ टक्के निघाले, गांजा-भांगेपेक्षा जास्त. आणि मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त आढळलेला हा एकच प्रकार. ही नशा हृदयाची लय बिघडवून पहिल्या खेपेलाही जीव घेऊ शकते. तिच्यासाठी कुठे लपतछपत जावे लागत नाही, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जावे लागते.