फूटपट्टीने मोजलेला गुंठा

वहीच्या मागच्या पानावर छापलेला मापांचा तक्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. १२ इंच म्हणजे १ फूट, ३ फूट म्हणजे १ यार्ड, १७६० यार्ड म्हणजे १ मैल. आणि त्याखाली मेट्रिक मापे. मुले तो पाठ करतात, गुणाकार-भागाकार करतात, गुणही मिळवतात. कोणता आकडा कुठे किती काटेकोर घ्यायचा, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

एरंडोलचे उदाहरण घेऊ. "पद्मालय किती लांब?" असे विचारले तर एखादे म्हातारबाबा सांगतील, "असेल सहाएक मैल." हेच वर्गात गणित म्हणून आले, की १ मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर धरून उत्तर निघते ९.६५६०६४ किलोमीटर. यातला शेवटचा अंक मिलिमीटर दाखवतो! बाबांनी अंदाज सांगितला आणि आपण त्यातून मिलिमीटर काढले. येथे 'साडेनऊ-दहा किलोमीटर' हेच शास्त्रशुद्ध उत्तर आहे. पण त्याला आपण गुण देऊ का?

आता याच्या उलट चूक पाहा. मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी ३० सेंटिमीटरची असते, म्हणून १ फूट म्हणजे ३० सेंटिमीटर हे त्यांच्या मनात पक्के बसते. वास्तविक १९५९ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ फूट म्हणजे बरोबर ३०.४८ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना खुणा असलेली पट्टी नीट पाहिली, तर १२ इंचांची खूण ३० सेंटिमीटरच्या किंचित पुढे दिसते. बाकाची लांबी काढताना हा फरक सोडून दिला तरी बिघडत नाही. शेत मोजताना मात्र बिघडते.

आपल्याकडे जमीनमोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. पण बांधावरचा व्यवहार अजून एकर-गुंठ्यांतच चालतो. म्हणजे कपाशीच्या शेताचा हिशेब करणाऱ्या घरात हे रूपांतर खरोखरच लागते.

फूट ३० सेंटिमीटरचा धरला, तर साखळी ९.९ मीटरची आणि गुंठा ९८.०१ चौरस मीटरचा होतो. खरी साखळी १०.०५८४ मीटरची आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठा आरपेक्षा मोठा की लहान, हे उत्तरच उलटे होते! लांबीतली दीड टक्क्याची चूक क्षेत्रफळात तीन टक्क्यांवर जाते, कारण ती लांबीत एकदा आणि रुंदीत एकदा अशी दोनदा मोजली जाते.

दोन एकर म्हणजे खरे तर ८०.९४ आर. फूटपट्टीच्या हिशेबाने ते ७८.४१ आर होतात. कुणी ७८.४१ आर दाखवून "हे दोन एकर" म्हटले, तर आपल्या हुशार विद्यार्थ्याचा ताळा बरोबर जुळेल, आणि त्याच्या बापाचे अडीच गुंठे जातील.

पद्मालयाच्या वाटेचे मिलिमीटर मोजायचे आणि शेताचे अडीच गुंठे सोडून द्यायचे, हे गणित उलटे आहे. यासाठी नवा तक्ता नको. शाळेचे मैदान आणि मोजपट्टी पुरे. मुलांकडून ३३ फुटांवर एक खुंटी ठोकून घ्यावी, १० मीटरवर दुसरी. फुटांची खुंटी सुमारे तीन बोटे पुढे पडेल. मग विचारावे, की एवढीशी तीन बोटे कुठे सोडायची आणि कुठे धरायची? याचे उत्तर तक्त्यात नाही. ते मुलांनी स्वतः शोधले, तर तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.