विधी-संदर्भातील संक्षिप्त नावे व संक्षेप : एक चिकित्सा

प्रस्तावना : विधिविषयक लेखनात संक्षेप अपरिहार्य असले तरी सर्व संक्षेपांचे स्वरूप सारखे नसते. अधिनियमाच्या पहिल्याच कलमात सामान्यतः त्याचे ‘संक्षिप्त नाव’ दिलेले असते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २८ नुसार अधिनियमाचा निर्देश त्याच्या नावाने, संक्षिप्त नावाने अथवा क्रमांक व वर्ष देऊन करता येतो. म्हणजेच संक्षिप्त नावाला कायद्याचे अधिष्ठान आहे. आद्याक्षरी संक्षेप मात्र केवळ रूढीवर चालतो. एकाच दंड संहितेसाठी मराठीत ‘भा.दं.वि.’ आणि ‘भा.दं.सं.’ हे दोन्ही संक्षेप रूढ झाले, ते यामुळेच.

विवेचन : ही रूढी आता पुरेशी ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अंमलात आली. दंड संहितेतील कलम ३०२ खुनाच्या शिक्षेचे होते. नव्या संहितेत ती तरतूद कलम १०३ मध्ये असून तेथील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांविषयी आहे. तत्पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने दोन्ही निर्देश यापुढेही दीर्घकाळ एकत्र नांदतील. अशा वेळी नुसते ‘कलम ३०२’ लिहिणे म्हणजे अर्थाचा अनर्थ ओढवून घेणे होय. ‘बीएनएस’ आणि ‘बीएनएसएस’ यांत तर केवळ एका अक्षराचा फरक आहे. पहिली संहिता गुन्हे व शिक्षा सांगते, दुसरी फौजदारी प्रक्रिया.

न्यायनिर्णयांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य हा एकच निर्णय ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ आणि ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ असा दोन प्रकारे उद्धृत होतो. येथील संक्षेप निर्णयाचा नसून तो छापणाऱ्या निर्णयसंग्रहाचा असतो. ही बाब न जाणणाऱ्या विद्यार्थ्यास ते दोन स्वतंत्र निर्णय वाटण्याचा संभव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ‘आयएनएससी’ हा संक्षेप असलेली प्रकाशक-निरपेक्ष निर्देशपद्धती स्वीकारली, ती या दृष्टीने स्वागतार्ह आहे.

निष्कर्ष : संक्षेप वाचकाच्या सोयीसाठी असतो, केवळ लेखकाच्या नव्हे. प्रथम उल्लेखात अधिनियमाचे संपूर्ण संक्षिप्त नाव वर्षासह देऊन पुढे वापरावयाचा संक्षेप तेथेच नोंदवावा, तो अखेरपर्यंत बदलू नये आणि कलमाचा क्रमांक संहितेच्या नावावाचून कधीही लिहू नये. एवढे पथ्य पाळल्यास संदर्भ पडताळता येईल. आणि जो पडताळता येत नाही, त्यास संदर्भ म्हणणे कठीण आहे.