बालकथेतील तात्पर्याचा प्रश्न

बालवाङ्मयाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा कथेने मुलास काय शिकवावे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. कथा मुलास कशी शिकविते, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. पाठ्यपुस्तके तयार करणारे, शाळेत कथाकथन योजणारे आणि आमच्यासारखे परीक्षक ह्या सर्वांची भिस्त पहिल्या प्रश्नावर असते. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्यांस मात्र दुसरा प्रश्न टाळून चालणार नाही, असे आम्हांस वाटते. कारण येथे पुढच्या पिढीची मराठी वाचनापर्यंत पोहोचणार की स्वयंपाकघरातच थांबणार, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मुद्रित मराठी बालकथेचा आरंभ महाराष्ट्राबाहेरच झाला, हे येथे आठवावे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास दुसऱ्या सरफोजीराजांच्या आश्रयाने ‘बालबोध मुक्तावली’ ह्या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. पुढे १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ मुंबईस निघाली. गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ छापावे, हा प्रघात इसापनीतीच्या द्वारे आपल्या शाळांत रुजला. त्या प्रघाताचे ऋण आम्ही नाकारीत नाही. थोडक्यात सांगावे, नेमके सांगावे, अर्थ एका वाक्यात बांधावा, ही शिस्त मराठी गद्यास त्यामुळे लागली. परंतु गोष्ट ही तात्पर्यापर्यंत नेणारी पायरी असून वर पोहोचल्यावर तिचे काम संपते, अशी एक समजूतही त्याबरोबर दृढ झाली. आणि ती आजही वर्गावर्गांतून नांदते आहे.

उपदेशपर कथेचा आपला एक जुना आदर्श म्हणजे ‘पंचतंत्र’. अमरशक्ति राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांस शहाणे करण्यासाठी विष्णुशर्म्याने ते सांगितले, अशी त्याची प्रस्तावना आहे. म्हणजे ग्रंथाचा हेतू उघड उघड शिक्षणाचा. तथापि त्याची रचना पाहिली म्हणजे निराळेच चित्र दिसते. त्यातील नीतिवचने ग्रंथकार स्वतः शेवटी सांगत नाही. ती पात्रांच्या तोंडी येतात, आणि पात्रे ती आपापल्या स्वार्थासाठी वापरतात. पहिल्या तंत्रात दमनक कोल्हा पिंगलक सिंहाच्या मनात विष कालवून संजीवक बैलाचा घात घडवितो आणि स्वतः मंत्रिपदावर राहतो. दुसऱ्या तंत्रात मात्र कावळा, उंदीर, कासव आणि हरिण ह्यांची मैत्रीच सर्वांस तारते. ह्या दोहोंचे मिळून एक तात्पर्य कोणते? ते काढता येत नाही. ऐकणाऱ्याने प्रसंग पाहावा, कोण काय बोलतो आणि का बोलतो हे ताडावे, अशी विष्णुशर्म्याची अपेक्षा आहे. शिक्षण होते ते ह्या ताडण्यात.

आपल्या घरातील गोष्टींचेही तसेच आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला थाप मारून सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. तात्पर्यच काढावयाचे तर ‘प्रसंगी खोटे बोलावे’ असे काढावे लागेल, आणि ते कोणी शिक्षक फळ्यावर लिहिणार नाही. तरीही ह्या गोष्टीने मुले खोटारडी झाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. दुबळ्याने बलवंताच्या तावडीतून सुटावे, ही मुलाच्या मनातील आस तीत पुरी होते. म्हणून ती पुन्हा पुन्हा मागितली जाते. आणि जी गोष्ट पुन्हा मागितली जाते, तीच भाषा शिकविते.

हा शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगावयास हवा. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर ह्या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची जी मीमांसा मांडली, तीत वाचन हा अक्षरओळख आणि भाषेचे आकलन ह्या दोहोंचा गुणाकार मानला आहे. त्यातील एक अंक शून्य असेल तर उत्तरही शून्य. ही मांडणी आपल्या परिस्थितीस अगदी लागू पडते. इंदूर-ग्वाल्हेरचे मराठी मूल हिंदीच्या द्वारे देवनागरी शिकलेलेच असते. बडोद्याच्या मुलाची शाळेतील लिपी गुजराती आणि हैदराबादच्याची तेलुगू असली, तरी हिंदीच्या निमित्ताने देवनागरीशी त्यांचाही परिचय होतो. अक्षरे येतात आणि मराठी पुस्तक मात्र वाचवत नाही, अशी आपल्या पालकांची जी तक्रार असते, तिचे मूळ दुसऱ्या अंकात आहे.

घरात मूल मराठी ऐकते, हे खरे, पण कोणती? ‘हात धू’, ‘जेवायला ये’, ‘अभ्यास झाला का?’ घरातील बोलणे बहुतांशी आज्ञेचे आणि प्रश्नाचे असते. पुस्तकाची मराठी निराळी. तीत ‘राजा शिकारीस निघाला असता’ येते. ‘इतक्यात’, ‘तोच’, ‘न जाणो’ येते. एका वाक्यात दुसरे गुंफलेले असते. ही भाषा मुलाच्या कानी कथेवाचून दुसऱ्या कोणत्या वाटेने पडणार? चिऊकाऊच्या गोष्टीत कावळा दर वेळी तेच दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे नवे काम सांगते. आंघोळ, अंग पुसणे, काजळ-तीट, निजविणे, अशी क्रियापदांची मालिका मूल न कळत आत्मसात करते. शिवाय आपल्या लिपीत ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा ही दोन्ही सारखीच लिहिली जातात. त्यांतील उच्चाराचा भेद लिपी दाखवीत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. बेळगाव आणि गोवा येथे मराठी शाळा असल्याने तेथील अडचण कमी असेल. ती मुळीच नाही, असे नव्हे.

कथेच्या ह्या सामर्थ्याची जाण असलेला शिक्षक आपल्या शेजारच्या भाषेत होऊन गेला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे गुजराती पुस्तक आमच्या शिक्षकवर्गाने अवश्य वाचावे. त्यातील कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि प्रथम केवळ गोष्टी सांगतो. वरिष्ठांस तो वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु गोष्टीच्या ओढीने वर्ग शांत बसू लागतो, मुले स्वतः गोष्टी सांगू लागतात, आणि वर्गाचे लहानसे ग्रंथालय उभे राहते. ऐकणे, सांगणे, वाचणे हा क्रम त्यांनी बरोबर ओळखला होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तीच दृष्टी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे मराठी मुलखात आणली.

येथे कोणी ‘श्यामची आई’कडे बोट दाखवील. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक उपदेशाने ओथंबलेले आहे. मग ते पिढ्यान् पिढ्या का वाचले गेले? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर असे की, त्यातील उपदेश गोष्टीच्या बाहेर नाही. श्याम रात्री मित्रांस आठवणी सांगतो आहे, आणि त्या आठवणीत आई मुलाशी बोलते आहे. पायाला माती लागू नये म्हणून आईचा पदर मागणारे मूल आधी डोळ्यांसमोर उभे राहते; आईचे शब्द त्यानंतर येतात, आणि ते त्याच मुलासाठी असतात. उपदेशास बोलणारे माणूस लाभले की तो प्रसंग होतो. पानाच्या तळाशी छापलेल्या तात्पर्यास माणूस नसते.

तात्पर्य सोडल्यास वर्गात शिस्त राहणार नाही आणि मूल्यमापन करता येणार नाही, अशी शिक्षकांची शंका आम्ही जाणतो. तिचा परिहार कठीण नाही. गोष्ट ऐकल्यावर मुलास ती स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावी. क्रम ध्यानात राहिला का, कोण का रागावले हे कळले का, मराठी वाक्य पुरे झाले का, हे सारे त्यात दिसते. एका वाक्याचे पाठ केलेले तात्पर्य ह्यांपैकी काहीच दाखवीत नाही.

आणि परीक्षक म्हणून आम्हांसही आमची कसोटी बदलणे भाग आहे. बालवाङ्मयाचे पुस्तक हाती आले की ‘ह्यातून बोध कोणता मिळतो?’ असे आम्ही आजवर विचारीत आलो. ह्यापुढे ते पुस्तक आठ वर्षांच्या एका मुलास मोठ्याने वाचून दाखवावे, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल तीच गोष्ट पुन्हा मागते की नाही, हे पाहावे. मग अभिप्राय लिहावा.