फुलवालीची बोली

बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' आम्हाला बी. ए.ला होतं. तेव्हा नुसत्या नोट्स पाठ केल्या. नाटक खरं वाचलं ते आता, पन्नाशी उलटल्यावर. १९१४ साली लंडनला आलेलं हे नाटक आपल्याकडे 'ती फुलराणी'मुळे सगळ्यांना ठाऊक आहे.

एलायझा कॉव्हेंट गार्डनपाशी फुलं विकणारी. बोलताना 'ह' गिळणारी, 'रेन'ला 'राइन' म्हणणारी. उच्चारशास्त्राचे प्रोफेसर हिगिन्स तिला काही महिन्यांत उमरावीण म्हणून खपवायचा विडा उचलतात. शॉनं तिची बोली सुरुवातीला उच्चाराप्रमाणे लिहून पाहिली आणि लंडनबाहेर कुणाला कळायची नाही म्हणून दोन-चार वाक्यांतच सोडून दिली. मग ती आपल्याला ऐकू येते ती बरीचशी हिगिन्सच्या कानांनी, कलकलाट म्हणून.

पण माझी खरी तक्रार दुसरीच आहे. एलायझाचा बाप कचरा वाहणारा. त्याचं इंग्रजीही तसलंच. त्याला कुणी सुधारत नाही. उलट हिगिन्स त्याच्या वक्तृत्वावर खूश, आणि पुढे तो व्याख्यानांसाठी वर्षाला ३००० पौंडांचा धनी होतो. बोली टाकायची ती लेकीनं.

मी बेळगावची. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा घरभर हसू. महिनाभरात 'येते, जाते' शिकले. माझा भाऊ मात्र इथं येऊन खुशाल 'काय करायलाईस?' विचारतो, आणि सासरची मंडळी म्हणतात, किती मोकळा माणूस!

शॉला हे कळत नव्हतं असं नाही. एलायझाच सांगते, की आपल्यातला बदल उच्चारांनी झाला नाही. कर्नल पिकरिंगनी पहिल्या दिवशी 'मिस डूलिटल' म्हटलं, तिथून तो सुरू झाला. जुना आवाज आता काढू म्हटलं तरी निघणार नाही, असंही ती म्हणते. तेवढ्यात बाप मागून खांद्याला हात लावतो. त्याचा लग्नाचा थाट बघून तिच्या तोंडून तोच जुना हेल बाहेर पडतो. हिगिन्सना वाटतं, आपण जिंकलो. मला वाटतं, तिथं पोरगी क्षणभर घरी गेली.

आई गेली त्या रात्री भावाचा फोन आला. 'येतो रे,' एवढंच म्हणाले मी. घरातलं कुणी हसलं नाही.