आयुष्याचा शिधा ठरलेला असतो का?

नागावच्या वाडीत केळीचा घड जास्त पिकला की त्याभोवती बारीक चिलटे जमतात. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी. ही चिलटे बहुतेक ड्रोसोफिला प्रजातीतली. याच प्रजातीतल्या ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या माशीच्या आधारे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये 'द रेट ऑफ लिव्हिंग' हे पुस्तक लिहिले. शिक्षकांनी ते आज कसे वाचावे?

माश्यांची आयुष्ये मोजून, विमा कंपन्या माणसांसाठी करतात तशी सारणी पर्ल यांनी माश्यांसाठी तयार केली. पुस्तकाचे हे अंग आजही अनुकरणीय आहे. खटकतो तो निष्कर्ष: ऊर्जा जितक्या वेगाने खर्चाल तितके लवकर मराल. माश्या थंडीत अधिक जगतात, हा त्याचा एक मोठा आधार. 'श्वास मोजून दिलेले असतात' हे ऐकत वाढलेल्या आपल्याला तो चटकन पटतो. पर्ल तर १९२७ मध्ये वृत्तपत्रात लिहून गेले की आळशी माणसे जास्त जगतात!

पण खुंटलेल्या पंखांच्या माश्या उडत नाहीत, तरी त्यांच्या प्रयोगात लवकर मेल्या. मग पर्ल यांना उपजत जोमाचा आधार घ्यावा लागला. मोठा उंदीर तीन-चार वर्षांत संपतो. तेवढ्याच वजनाचे, अधिक ऊर्जा खर्चणारे कबूतर वीस-तीस वर्षेही जगू शकते. २००४ मध्ये दीर्घायुषी माश्यांचा ऊर्जाखर्च मोजला गेला. तो कमी नव्हता.

मायकेल रोज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. दर पिढीत त्यांनी फक्त वयस्क माश्यांची अंडी पुढे वाढवली. काही पिढ्यांत आयुष्य वाढले, तरुणपणीची अंडी मात्र घटली. म्हणजे आयुष्य हा ठरलेला शिधा नसून निवडीने बदलणारा गुण आहे.

आपण पर्ल यांची पद्धत घ्यावी, नियम सोडावा. बाटलीत नुकत्याच निघालेल्या माश्या ठेवून रोज मेलेल्या मोजाव्यात आणि आलेख काढावा. दर तीन-चार दिवसांनी जिवंत माश्या नव्या बाटलीत न्याव्यात. नाहीतर साधारण दहा दिवसांत पुढची पिढी त्यांच्यात मिसळते आणि मोजणी फसते. आलेख पाहून विद्यार्थ्यांनी निष्कर्ष काढला, की विचारावे: हे आकड्यांत दिसते, की आपल्याला आधीच पटलेले आहे?