सुजाता मॅसी यांच्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या : बंद दारे, कायदा आणि न्यायाची मर्यादा

प्रस्तावना

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ (१८७१) पासून मराठीत ऐतिहासिक कादंबरीची, तर बाबूराव अर्नाळकरांपर्यंत आणि त्यांच्यानंतरही रहस्यकथेची समृद्ध परंपरा आढळते. मात्र हे दोन्ही प्रवाह बहुतांशी स्वतंत्रपणे वाहिले. ऐतिहासिक कादंबरी गड, दरबार व रणांगण यांत रमली; रहस्यकथेने समकालीन शहर आपलेसे केले. भूतकाळातील एखाद्या साध्या घरात घडलेल्या गुन्ह्याचा शोध घेत त्या काळाची समाजरचना उलगडणे, ही वाट आपल्याकडे फारशी मळलेली नाही. या पार्श्वभूमीवर, महाराष्ट्राच्या भूमीवर घडणाऱ्या परंतु इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या सुजाता मॅसी यांच्या कादंबऱ्यांचा विचार उद्बोधक ठरतो. त्यांच्या लेखनप्रवासाचा आढावा घेऊन रहस्यकथेचा आकृतिबंध ऐतिहासिक अन्यायाला कितपत न्याय देऊ शकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लेखनप्रवास

मॅसी यांचा जन्म १९६४ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील भारतीय, आई जर्मन आणि जडणघडण अमेरिकेत, असा त्यांचा त्रिविध वारसा आहे. वृत्तपत्रातील नोकरीनंतर काही काळ त्यांचे जपानमध्ये वास्तव्य होते. त्या अनुभवातून ‘द सॅलरीमॅन्स वाइफ’ (१९९७) ही कादंबरी साकारली व तिला पदार्पणातील कादंबरीसाठीचा अगाथा पुरस्कार लाभला. रेई शिमुरा ही तिची नायिका जपानी-अमेरिकन आहे. दोन संस्कृतींच्या उंबरठ्यावर उभी असलेली, दोन्हीकडे थोडी परकी असलेली स्त्री हे मॅसी यांच्या लेखनाचे बीज येथेच दिसते. ‘द स्लीपिंग डिक्शनरी’ (२०१३) मध्ये त्या स्वातंत्र्यपूर्व बंगालकडे वळल्या आणि ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) पासून त्यांना आपले खरे क्षेत्र गवसले. १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या कचेरीत काम करणारी पारशी सॉलिसिटर परवीन मिस्त्री ही या मालिकेची नायिका होय.

कायद्याची दोन दारे

परवीनच्या घडणीमागे दोन वास्तव स्त्रिया आहेत. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र त्यांच्या हाती पडण्यास १९२२ साल उजाडावे लागले. दुसऱ्या मिठन लाम. त्यांनी १९२४ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. स्त्रियांच्या वकिलीवरील कायदेशीर अडसर १९२३ च्या अधिनियमाने दूर झाला. मॅसी यांनी कथानकासाठी निवडलेला काळ त्याच्या नेमका आधीचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. परवीन कायदा जाणते, दस्तऐवज तयार करते. परंतु न्यायालयात उभी राहून बाजू मांडणे तिच्या आवाक्यात नाही.

एक दार असे बंद असताना दुसरे केवळ तिच्यासाठीच उघडते. पहिल्या कादंबरीत गिरणीमालक ओमर फरीद यांच्या तीन विधवा पडदानशीन आहेत. परपुरुषासमोर त्या येत नाहीत. आपल्या हक्काची मालमत्ता त्यांनी वक्फसाठी सोडून दिल्याचे पत्र कचेरीत येते. स्वाक्षरी कोणी, कशाच्या दडपणाखाली केली हे विचारण्यास त्या घरात पाऊल ठेवू शकणारी वकील एकच आहे. परवीनने तपास करणे हा त्यामुळे हौशी साहसाचा भाग राहत नाही. जिला युक्तिवादाचा अधिकार नाही, तिला विचारण्याचा अधिकार तेवढा उरतो. रहस्यकथेचा आकृतिबंध आणि इतिहासाची वस्तुस्थिती यांचा इतका सहज सांधा या प्रकारात क्वचितच जुळतो.

याच कादंबरीत परवीनच्या १९१६-१७ मधील विवाहाची समांतर कथा येते. सासरी मासिक पाळीच्या काळात तिला एका कोंदट खोलीत डांबले जाते. पारशी विवाहविषयक १८६५ च्या कायद्यानुसार तिला विभक्त राहण्याची मुभा मिळते. घटस्फोट मात्र मिळत नाही. पडदा इतरांच्या घरात शोधणाऱ्या नायिकेला तो प्रथम स्वतःच्या समाजात भेटला होता, ही रचना महत्त्वाची आहे. त्यामुळे मुस्लिम स्त्रियांकडे पाहणारी तिची दृष्टी उद्धारकाची न राहता समदुःखी होते.

विस्तार व उणिवा

‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९) मध्ये परवीन सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानात बालराजाच्या शिक्षणाचा तंटा सोडविण्यास जाते. अरण्य, पालखी व राजवाडा यांचे चित्रण वेधक असले तरी मालिकेतील ही तुलनेने कमकुवत कृती वाटते. हे संस्थान कोल्हापूर एजन्सीच्या छायेत कल्पिलेले आहे. १९२१ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज राज्य करीत होते व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा प्रयोग सुरू होता. शिक्षण कोणाचे व कशासाठी हा प्रश्न शेजारीच धगधगत असताना कादंबरीचे केंद्र राजवाड्याच्या भिंतींतच राहते. ‘द बॉम्बे प्रिन्स’ (२०२१) हा दोष भरून काढते. नोव्हेंबर १९२१ मधील प्रिन्स ऑफ वेल्सची भेट, बहिष्कार आणि दंगल यांच्या पार्श्वभूमीवर एका पारशी विद्यार्थिनीचा मृत्यू घडतो. राष्ट्रीय चळवळीविषयी सहानुभूती असलेली परवीन ज्या समाजात वावरते, त्यावरच जमाव चालून येतो. हा पेच लेखिका सोपा करीत नाही. ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’ (२०२३) मध्ये गर्भपाताचा आरोप असलेली सुनंदा ही आया परवीनची अशील होते.

दूरच्या वाचकासाठी प्रत्येक चालीरीतीचा खुलासा करण्याची सवय आणि नायिकेची काही आधुनिक मते भारतीय वाचकाला खटकतात. तरीही विधवा, राणी, विद्यार्थिनी आणि आया हा अशिलांचा क्रम पाहता, लेखिकेची नजर दिवाणखान्यातून हळूहळू माजघरापलीकडे सरकत असल्याचे स्पष्ट होते.

डहाणू-तलासरीतून वाचताना

पारशी इतिहास आमच्या परिसराला अनोळखी नाही. संजाणच्या पाडावानंतर इराणशाह अग्नी ज्या बाहरोटच्या डोंगरात सुरक्षित ठेवला गेला, तो डहाणू तालुक्यातच आहे. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत इराणी कुटुंबांचे श्रम व भांडवल आहे. परंतु पहिल्या कादंबरीतील काही भाग वर्गात सांगितला असता एका वारली विद्यार्थिनीने, एवढ्या मोठ्या बंगल्यात पाणी भरणाऱ्या माणसाला कोणी काही का विचारले नाही, अशी शंका काढली. ही शंका प्रस्तुत अभ्यासकास मालिकेच्या मर्मावर बोट ठेवणारी वाटते.

याच भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. तेथे प्रेत नव्हते, हरवलेले रत्न नव्हते आणि गुन्हेगारही एक नव्हता. विविध समाजांतील जमीनदार, सावकार, जंगल ठेकेदार आणि त्यांना पाठीशी घालणारी सत्ता मिळून तो गुन्हा पूर्ण होत होता. त्याचा छडा लावणारी व्यक्तीही कायद्याची पदवीधर स्त्रीच होती, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांवर फिरल्या, माणसांना बोलते केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला. हा सारा वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये आला आहे. परवीन दाराआडच्या स्त्रीकडून सत्य काढून घेते व कथा मिटते. परुळेकरांच्या कथनात बोलणारा माणूस स्वतःच उठून उभा राहतो, आणि खरी कथा तेथून सुरू होते.

समारोप

मॅसी यांचे श्रेय असे की, कायद्याच्या इतिहासातील एक अरुंद फट त्यांनी हेरली व तिच्यातून स्त्रीजीवनाचा मोठा पट दाखविला. त्यांची मर्यादा ही काही अंशी रहस्यकथेचीच मर्यादा आहे: शेवटच्या पानावर तिला एक अपराधी हवा असतो. ही मर्यादा ओलांडणारी ऐतिहासिक रहस्यकादंबरी मराठीत अवश्य लिहिली जावी. तिची सामग्री महसुली दप्तरांत, सावकारी वह्यांत आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या आजीआजोबांच्या आठवणीत आहे. त्या आठवणी सांगणारी पिढी वेगाने कमी होत आहे. म्हणून विचारणाऱ्याने पाड्यावर पोहोचण्याची घाई केली पाहिजे.