गणिताची तोफ आणि गर्ट्रूडची गुपितं

मागच्या वेळी आपण खेळण्यांबद्दल बोललो. आज पडद्यावरच्या खेळण्यांकडे वळू. तेही जुन्या, 1982-83 सालच्या अमेरिकेतल्या. इतकं मागं जायचं कारण साधं आहे. आज लहान मुलाच्या हातात फोन देताना त्यातल्या अॅपवर ‘शैक्षणिक’ असं लिहिलेलं दिसलं की आपल्याला हायसं वाटतं. त्या शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही तेव्हाही होत्या.

पहिला खेळ ‘मॅथ ब्लास्टर’, 1983 सालचा. जॅन डेव्हिडसन या स्वतः शिक्षिका. खेळात उदाहरण दिसतं, वर उत्तरं असतात आणि खाली तोफ. बरोबर उत्तराकडे तोफेतून माणूस उडवायचा. मुलांना मजा यायची, यात शंका नाही. पण आपण एक करून बघू. उदाहरण काढून टाका, त्या जागी स्पेलिंग ठेवा किंवा देशांच्या राजधान्या ठेवा. तोफेला काही फरक पडतो का? नाही. म्हणजे गणित हा इथं खेळ नाही, खेळाच्या दारावरचा टोलनाका आहे. टोल भरा, पुढे जा.

दुसरा खेळ ‘गर्ट्रूड्स सीक्रेट्स’, 1982 सालचा, कॅलिफोर्नियातल्या द लर्निंग कंपनीचा. गर्ट्रूड ही हंसीण. ती रंगीत तुकडे आणून देते. पडद्यावर चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीचा एक छुपा नियम असतो. एकीत फक्त लाल तुकडे चालतील, दुसरीत फक्त एका आकाराचे. दोन चौकटी एकमेकींवर आल्या, तर मधल्या जागेत दोन्ही नियम पाळणारा तुकडाच बसतो. नियम कुणी सांगत नाही. तुकडा ठेवून बघायचा. चुकला तर तो खाली पडतो.

इथं थोडं थांबू या. तुकडा पडतो, आणि मूल त्यातून काहीतरी शिकतं: ‘हा लाल होता तरी पडला, म्हणजे नियम लाल रंगाचा नसणार.’ इथं चूक म्हणजे शिक्षा नाही, माहिती आहे. यातून वर्गीकरण काढून टाकलं तर काय उरेल? काहीच नाही. विचार करणं हाच खेळ. गंमत म्हणजे तुकड्यांचे आकार मुलाला स्वतः नव्याने रेखाटताही येत.

आता न्यायाची बाजू. कोडं सुटलं की गर्ट्रूडही बक्षीस आणतेच. आमिष तिथंही आहे. आणि पाढे पाठ व्हायला सराव लागतो, त्यासाठी तोफ वाईट नाही. आक्षेप तोफेवर नाहीच. सरावाला आपण शिकणं म्हणतो, आक्षेप त्याला आहे.

हे आपल्याला नवीनही नाही. माँटेसरींच्या साधनांत चुकीच्या खाचेत घातलेला दांडका बसत नाही. बाईंना ओरडावं लागत नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला हेच शिक्षण खडे, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवर उभं केलं. गर्ट्रूड त्याच घराण्यातली.

मग तोफेचं घराणं जास्त का फोफावलं? आम्हाला वाटतं, त्यात आपलाही हात आहे. तोफेच्या खेळात गुण दिसतात, ते पाहुण्यांना सांगता येतात. पडलेल्या तुकड्याकडे बघत बसलेलं मूल मात्र आपल्याला रिकामं वाटतं.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. मुलाच्या खेळात ते चुकेल त्या क्षणी शेजारी बसा. खेळ फक्त ‘चूक’ म्हणून आवाज काढतो, की त्याला पुढचा विचार सुचेल असं काही दाखवतो, ते बघा. आणि मूल गप्प राहून विचार करत असेल, तर उत्तर सांगू नका.

आता प्रश्न घेऊ.